उलट्या पोळ्याचं वचन

कोरीटला पोळ्याच्या दिवशी पारावर कोणी ना कोणी उलट्या पोळ्याची गोष्ट काढतोच. गेल्या वर्षी मी ती माझ्या कानांनी ऐकली. सांगणारा तिशीतला होता, म्हणजे त्या पोळ्याला त्याचा बापसुद्धा रांगत असेल. तो म्हणाला, पूर्वी गावात एक तऱ्हेवाईक बागायतदार होता, ख्रिस्ती लोकांचं पुस्तक घरात बाळगायचा, आणि त्यात नसलेली वचनं मनाने रचून गावाला ऐकवायचा. लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं, चहा संपवला आणि परत आलो.

ती वचनं त्या बागायतदारांनी रचली नव्हती, मी रचली होती. तेव्हा मी तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो, चोविशीतला, नुकतंच लग्न झालेला. आता पंच्याहत्तरी ओलांडली. हसणारे हसून गेले, ज्यांना लाज वाटायला हवी होती त्यांतला मी एकटाच उरलो आहे. तेव्हा हे एकदाचं लिहून टाकतो.

त्यांना सारं गाव जिभाऊ म्हणायचं. उंच, काटकुळे, कानांवर पांढरे केस, आणि चालताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. नंदुरबारच्या आठवड्याच्या बाजारात मिशनचा एक माणूस पुस्तकं विकायला बसे. जिभाऊ तिथे विळा घ्यायला गेले आणि येताना ते जाडजूड पुस्तक घेऊन आले. का घेतलं, तर वजनाच्या मानाने स्वस्त होतं. मिठाच्या भावात एवढा कागद आणि वर शिवण पक्की.

घरी आल्यावर अडचण उभी राहिली. जिभाऊंना मोडी झरझर वाचता येई, पण छापील बाळबोध लागत नसे. त्यांचं म्हणणं, मोडीतली अक्षरं एका घरातल्या माणसांसारखी हात धरून चालतात, या छापील अक्षरांनी प्रत्येकाने वेगळी चूल मांडली आहे. म्हणून पुस्तक बगलेत मारून ते शाळा सुटल्यावर माझ्याकडे आले. अंगठा घालून मधोमध उघडलं आणि म्हणाले, वाचा.

मधोमध नीतिसूत्रांचा भाग आला. आळशी माणसाने मुंगीकडे जावं आणि तिच्यापासून शिकावं, असं काहीसं मी वाचलं. जिभाऊंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, याच्यात संसार वर कसा आणावा ते लिहिलेलं दिसतं. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊ लागलो. मी टेकलो की ते विचारत, "मास्तर, आज काय म्हनस पुस्तक?"

ऐकलेलं दुसऱ्या दिवशी अमलात यायचं, हा त्यांचा नियम. त्यांच्या लेखी ते शेतीच्या अवजारासारखं होतं. आणलं की वापरायचं.

मुंगीचं वचन पहिल्यांदा सालदारावर पडलं. तो जरा सुस्त आहे असं जिभाऊंना वाटे. त्याला त्यांनी बांधावरच्या वारुळापाशी बसवलं आणि मुंग्या बघायला सांगितलं. दुपारी जाऊन पाहतात तर हा बाभळीच्या सावलीत मांडी घालून बसलेला, निंदणी तशीच पडलेली. जिभाऊंनी जाब विचारला तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "जिभाऊ, तुम्हीन सांगं तेच करी ऱ्हायनू. अजून निम्म्या देखाना बाकी शेतस."

रागाला मऊ उत्तर द्यावं, असं एकदा वाचनात आलं. जिभाऊंचा मूळचा आवाज असा, की शेतात ओरडले तर तापीच्या पलीकडचे बैल थांबत. दुसऱ्या दिवसापासून राग आला की ते आवाज उतरवू लागले. जितका राग मोठा तितका आवाज लहान. महिनाभरात गड्यांना ते कळलं. जिभाऊ ओरडताहेत तोवर सगळे खुशाल विडी ओढत. ते कुजबुजायला लागले, की जो तो कामाला पळे.

शेजाऱ्याच्या घरी फार जाऊ नये, त्याला आपला कंटाळा येतो, हेही पुस्तकात होतं. मग जिभाऊ कोणाच्या घरी गेले की आधी उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारत, "मन्हा कटाळा तं नही ना उना?" आता याला कोण काय म्हणणार? नाही म्हटलं, की आत येत. एका घरातल्या म्हाताऱ्याने खरं तेच सांगितलं, की आला आहे. जिभाऊंनी त्याला हात जोडले आणि घरी जाऊन शेरभर तूप पाठवून दिलं. पुढे चार-सहा महिने गावातल्या बऱ्याच लोकांना त्यांचा कंटाळा येऊ लागला.

पहाटे मोठ्याने शुभ बोललं तर ते शापासारखं लागतं, असं एका संध्याकाळी निघालं. तेव्हापासून सूर्य त्यांच्या निंबाच्या शेंड्यावर येईपर्यंत जिभाऊ रामरामसुद्धा कानाशी येऊन करत. नवख्या माणसाला वाटे, काहीतरी गुपित सांगताहेत.

गावात कुजबुज सुरू झालीच, की जिभाऊ बाटणार. भावकीतल्या चौघांनी ओट्यावर येऊन विचारलं. जिभाऊ म्हणाले, "बी आनाले गयात तं बीवालानी जात इचारतस का? उगनं म्हनजे व्हयनं." आणि उगवत होतं, हे नाकारता येणार नाही. तीन वर्षांत त्यांचा कापूस गावात सरस झाला. पेरणी वेळेवर, उठणं पहाटेचं, मजुराला माप भरून, आणि भांडणं जवळजवळ बंद. हसणाऱ्यांच्या वावरात मात्र तण होतं.

मिशनच्या पादऱ्यांनाही बातमी लागली. बिचारे आशेने आले. त्यांनी पुढचा भाग, जो त्यांच्या मते खरा गाभा, तो ऐकावा म्हणून पुष्कळ विनवलं. जिभाऊंनी थोडं ऐकलं, डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "तठे भला मानूसले सुळावर दी देतस. माले ते आयकाव नही." पादरी म्हणाले, त्यानंतर तो उठतो. जिभाऊंनी विचार करून सांगितलं, की मग उठल्यावर मला कळवा. पादऱ्यांनी त्या दिवशी जेवण घेतलं आणि विषय सोडला.

आता माझ्या पहिल्या लबाडीकडे येतो. कटकट्या बायकोबरोबर घरात राहण्यापेक्षा धाब्याच्या, म्हणजे छपराच्या, कोपऱ्यावर राहिलेलं बरं, असं पुस्तकात स्पष्ट आहे. ते वाचताना माझी जीभ जरा अडखळली, कारण आतल्या दाराशी माय, म्हणजे जिभाऊंची पत्नी, तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जिभाऊंची खाट धाब्यावर चढली. आमच्याकडची घरं मातीच्या सपाट धाब्यांची, तेव्हा जागा प्रशस्त होती. ते वर चढून बसल्यावर मायने निसण, म्हणजे शिडी, काढली आणि गोठ्यात नेऊन ठेवली.

भाद्रपदाचं ऊन. दुपार झाली तरी निसण येईना. मला बोलावणं आलं. मी पुस्तक घेऊन खाली उभा, जिभाऊ वर कोपऱ्यात डोक्यावर धोतराचा पदर घेऊन बसलेले, आणि माय दारात.

"मास्तर," ती म्हणाली, "आते उतरानं काय लिखेल शे पुस्तकमा, ते वाची दाखाडा त्यासले."

मी पानं उलटली. उतरण्याविषयी काही सापडेना. वरून जिभाऊ आशेने बघत होते. शेवटी मी घसा साफ केला आणि वाचल्यासारखं म्हणालो, की शहाणा माणूस भाकरीच्या वेळी खाली येतो, मूर्ख मात्र उन्हात बसतो. जिभाऊंनी लगेच मान डोलावली. मायने निसण आणली. कोणाचं काही बिघडलं नाही, उलट एक घर जेवलं. तेव्हा मला वाटलं, हे पुण्याचंच काम झालं.

दुसरी लबाडी पोटाची होती. शिकवणाऱ्याला जो दूध देतो त्याची गाय आटत नाही, असं मी एका संध्याकाळी निर्लज्जपणे वाचलं. सकाळी तांब्या हजर. पौषात गाय आटली तर जिभाऊंनी पुस्तकाला दोष दिला नाही. त्यांचंच काही चुकलं असेल म्हणून ते दोन दिवस गाईपाशी बसून होते. ते पाहून मला कसंतरी झालं. पण दूध मी प्यायलो होतो.

तिसरी लबाडी पोळ्याची.

कोरीटला पोळ्याच्या तोरणाचा मान जिभाऊंच्या घराचा. त्यांची जोडी सर्वांत पुढे, मागे भावकी, मग इतर शेतकरी आपापल्या मानाप्रमाणे, आणि सर्वांत शेवटी सालदारांचे एकेकटे बैल. मानाच्या बैलाने तोरण तोडलं, की पोळा फुटला. रिवाज असा, की ज्या घराने एकदा आपणहून जागा सोडली, त्याच्या पुढच्या पिढ्यांना ती परत मागता येत नाही. जिभाऊंचे चुलतभाऊ, त्यांना बापू म्हणत, या मानावर डोळा ठेवून होते. ते लोकल बोर्डात निवडून गेले होते, धुळ्याला त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि गावात मात्र त्यांचे बैल दुसरे.

पोळ्याच्या आठ दिवस आधी बापू शाळेत आले. हजेरीपट पाहिला, भिंतीवरचा नकाशा पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, धडगावनी हवा चांगली शे म्हनतस. तुमनी बायकोले मानवी का?"

धडगाव म्हणजे अक्राणी. घाट चढून सातपुड्यात, दवाखाना नाही, पावसाळ्यात वाट नाही, माझ्यासारख्याला तिथली भाषा कळत नाही. माझ्या बायकोला पाचवा महिना होता. बापूंनी आणखी एवढंच सांगितलं, की पुस्तक माझ्या हातात आहे, आणि बैलांविषयी एखादं चांगलं वाक्य त्यात असेलच.

चार दिवस मी वाचायला गेलो नाही. ताप आला म्हणून कळवलं, तर जिभाऊ उंबऱ्याबाहेर उभे राहून कंटाळा आला का म्हणून विचारून गेले. पाचव्या दिवशी गेलो. आणि पुस्तकावर नजर ठेवून म्हणालो, की सणाच्या दिवशी ज्याचे बैल सर्वांच्या मागे, त्याचं घर सर्वांच्या पुढे.

जिभाऊंनी ते पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा ते सोपं गेलं. त्यांच्या थोरल्या मुलाला मुलगा झाला होता, तो आत रडत होता. तिकडे बघून ते म्हणाले, बापाने हा मान राखला, आज्याने राखला. मग सुस्कारा सोडून म्हणाले, पुस्तक आजवर चुकलं नाही.

पोळ्याच्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झुली, ढोल सुरू, आणि बापूंची जोडी तोरणाखाली. जिभाऊ आपली जोडी घेऊन आले, सगळ्यांना रामराम करत रांगेच्या कडेने थेट मागे गेले, आणि सालदाराच्या बैलामागे उभे राहिले.

पुढचं बापूंच्याही ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. सालदाराने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मन्हा बैल मालकना पुढे? ते व्हवाव नही," असं म्हणून त्याने बैल वळवला आणि जिभाऊंच्या मागे जाऊन उभा राहिला. जिभाऊंना तर शेवटी राहायचं होतं. ते त्याच्या मागे गेले. तो परत त्यांच्या मागे. आता त्याच्या पुढे जे दुसरे सालदार होते त्यांना कळलं, की मानाची जोडी आपल्या मागे उभी आहे. तेही वळले. मग लहान शेतकरी. ज्याच्या मागे त्याच्याहून मोठा उभा, तो वळे आणि मागे जाई. रांग मागच्या बाजूने वाढत वेशीबाहेर पडली, कुंभाराचा आवा ओलांडला, ओढ्यापर्यंत गेली. ढोलवाले आधी थांबले, मग जिकडे बैल तिकडे आपण, या हिशेबाने तेही ओढ्याकडे गेले. पाठोपाठ बाया ओवाळणीची ताटं घेऊन निघाल्या.

दिवस कलायला आला तेव्हा तोरणाखाली बापू, त्यांची जोडी आणि मी, एवढेच होतो. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी नकाशावर धडगाव कुठे आहे ते आठवू लागलो. तोरण तोडायला काय, त्यांच्या बैलाने मान हलवली असती तरी तुटलं असतं. पण पाहायला कोण होतं? शेवटी त्यांनी कासरा माझ्या हातात दिला आणि पायी ओढ्याकडे चालू लागले. मी बैलांसह मागून.

सगळ्या गावादेखत ते जिभाऊंपुढे उभे राहिले. म्हणाले, "जिभाऊ, पुढे चाला. तोरण तुमनं शे."

जिभाऊ हलले नाहीत. त्यांनी मला शोधलं. "मास्तर, बलायं तं पुढे जावाले पुस्तकमा काही आडकाठी शे का?"

बापू माझ्याकडे बघत होते. जिभाऊही. आयुष्यात एकदाच मी त्या दिवशी घाबरलेला असून बरोबर बोललो. म्हणालो, "नाही जिभाऊ. मागे उभ्या असलेल्याला कोणी पुढे ये म्हटलं, तर त्याने जावं. तसंच लिहिलंय." तेही मी मनानेच रचलं.

पोळा फुटला तेव्हा दिवे लागले होते. मान जिभाऊंच्या घरी राहिला.

दिवाळीला माझी बदली धडगावला झाली.

जिभाऊंनी शहाद्यापर्यंत पोचवायला स्वतः गाडी जुंपली, तीच मानाची जोडी. तापी ओलांडल्यावर त्यांनी पुस्तक पुढे केलं, आणि ते बैलांचं वचन जिथे आहे तिथे खूण घालून द्या म्हणाले. एक मोरपीस त्यांनी त्यासाठी आणलं होतं. तेव्हा सांगायला हवं होतं. गाडीत आम्ही तिघंच होतो, बायको झोपली होती, जिभाऊ माणूस असे, की हसून सोडूनही दिलं असतं. मी मधलं एक पान उघडलं, पीस ठेवलं आणि पुस्तक मिटलं.

पुढचं माझ्या जागी आलेल्या मास्तरांच्या पत्राने कळलं. नवे पादरी आले, गोरे, मराठी नुकतेच शिकलेले. जिभाऊंनी पारावर गाव जमवलं आणि त्यांच्या हाती पुस्तक दिलं, की पीस आहे तिथलं बैलांचं वचन वाचा, म्हणजे लोकांची खात्री होईल. पादऱ्यांनी एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं. पावसाळ्यात सारखं गळणारं घर आणि भांडखोर बायको, दोन्ही सारखीच. बायांच्या घोळक्यात माय उभी होती. पादऱ्यांनी बैल शोधण्यासाठी ते पान पालथं घातलं, मागचं-पुढचं चाळलं, आणि जिभाऊंना सांगितलं, की पाटील, इथे बैल नाहीत.

लोक हसले. बापू सर्वांत जास्त. जिभाऊंनी आवाज इतका उतरवला, की पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू आलं. "मंग तुमना पुस्तकमाथीन पान पडी गयं व्हई. मन्हा मास्तर खोटं वाचस नही."

त्यानंतर त्यांनी पुस्तक फडक्यात बांधून फळीवर ठेवलं. नव्या मास्तरांनी वाचू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, यांना सगळं दिसत नाही. अकरा वर्षं कोणी त्यांना काही वाचून दाखवलं नाही. त्या काळात बापूंच्या माणसांनी गावात पसरवलं, की म्हाताऱ्याने वचन स्वतः रचलं आणि मास्तरावर ढकललं. जिभाऊंनी मला तीनदा निरोप पाठवला, उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन जा, चार दिवस वाचू. तिन्ही वेळा मी मुलांचं आजारपण कळवलं. मुलं ठणठणीत होती. धडगावची हवा खरोखरच चांगली निघाली.

जिभाऊ वारल्याचं कळल्यावर मात्र गेलो. माय ओट्यावर बसली होती. मी वर गेलो नाही, खालच्या पायरीवर टेकलो आणि सगळं सांगितलं. भाकरीचं, दुधाचं, बैलांचं. संपल्यावर तिने विचारलं, "ते गळतं घर अन् बायको, तेबी तुम्हीच घाललं व्हतं का, मास्तर?"

"नाही माय. ते पुस्तकातच आहे."

"मंग तुमनं खोटं व्हतं तेच बरं व्हतं," ती म्हणाली. आत जाऊन तिने ते फडकं आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, त्यांना वाचायचं राहिलं, मला तरी वाचा. आणि हे गावाला सांगू नका. खोटेपणाला गाव चार दिवस हसेल, भोळेपणाला जन्मभर हसेल. ती असेपर्यंत मी ते पाळलं. ती गेल्यावर न सांगण्याची सवय झाली होती.

पीस तिथेच होतं. मी गळक्या घरावरची ओळ चुकवण्यासाठी एक पान मागे उलटलं आणि डोळ्यांपुढे आलं ते मी आधी मनातल्या मनात दोनदा वाचलं. राजापुढे आपणहून मिरवू नये, थोरांच्या जागी जाऊन उभं राहू नये. खाली ढकललं जाण्यापेक्षा कोणी आपल्याला वर ये म्हणावं, हे चांगलं. अशा अर्थाचं. बैल नव्हते. बाकी सगळं होतं, ओढ्याकाठी रचलेलं उत्तरसुद्धा. जिभाऊंनी मागितलेली खूण मी एका पानाने चुकवली होती. मी बैल घातले नसते, तर त्या पादऱ्यांनाही कदाचित आठवलं असतं.

मी ते मोठ्याने वाचलं. माय ऐकत राहिली. मग म्हणाली, "हाई पुस्तकनं, का तुमनं?"

"पुस्तकाचं, माय. शपथेवर सांगतो."

तिला वाचता येत नव्हतं, आणि माझ्या शपथेची किंमत मी नुकतीच तिला सांगितली होती. ती माझ्याकडे, मग पुस्तकाकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहत राहिली. तिने हाताने ओट्यावरची जागा झाडली, जिभाऊ बसत ती.

"त्या म्हनेत, मास्तर खोटं वाचस नही," ती म्हणाली. "तठे पायरीवर कसाले बठनात? वर या."